गाईला ट्यूब लागू पडेना, सासूबाईंना गोळी

वाचकाचा प्रश्न:

माझं सासर आर्वी तालुक्यात. घरी दोन संकरित गाई आणि एक गवळाऊ. एका जर्सीला पावसाळ्यापासून तिसऱ्यांदा दगडी (कासेचा दाह) झाली आहे. गावात येणाऱ्या माणसाने सुया लावल्या, सडात ट्यूबा सोडल्या. दोन दिवस दुधातल्या गाठी जातात, पुन्हा येतात. सासूबाई ६२ वर्षांच्या, त्यांना शुगर आहे. लघवीला जळजळ व्हायची तेव्हा मेडिकलमधून दोन दिवसांच्या चार गोळ्या आणायचो, तीनदा बरं वाटलं, चौथ्यांदा काही फरक नाही. शेवटी वर्ध्याला लघवीचं कल्चर (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी) केलं. कागदावर ई. कोलाय लिहिलंय आणि पुढे आर, आर, आर. फक्त नायट्रोफुरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनेम यांच्यापुढे एस आहे. मेडिकलवाले म्हणतात आता भारी सुईच लागेल. घरचे म्हणतात, आईच्या अंगाला औषधाची सवय लागली. सासूबाईंना ताप नाही. गाईचं दूध सध्या डेअरीला घालत नाही, घरीच वापरतो. गाईचं आणि सासूबाईंचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं आहे का? नाव-गाव छापू नये.

ता.क. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारतात ती स्ट्रेप्टोची पुडीसुद्धा अँटिबायोटिकच ना?

उत्तर:

ताई, दोन गोष्टी आजच करा. गाईचं ते दूध घरात वापरणं बंद करा. आणि कल्चरचा कागद घेऊन मेडिकलवर नाही, डॉक्टरकडे जा. सासूबाईंना थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, त्या असंबद्ध बोलू लागल्या किंवा लघवी अगदीच कमी झाली, तर मात्र सकाळची वाट न पाहता त्यांना उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट सेवाग्रामला न्या. हे उत्तर ताप नसलेल्या माणसासाठी आहे.

आधी त्या ‘सवयी’चं बघू. सवय सासूबाईंच्या अंगाला लागलेली नाही. औषधाला दाद देईनासे झालेत ते जंतू. तुमच्या भागात हे समजावायला बोंडअळीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा अळी मरत होती. तेच वाण सगळ्या वावरांत, बीटीला न सरावलेल्या अळ्या टिकाव्यात म्हणून पेरायची बिगर-बीटीची रेफ्युजीची पुडी बांधावर टाकून दिलेली, वर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभी ठेवलेली कपाशी. थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच वीण वाढली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. कपाशीत काही बिघाड झाला नव्हता, अळी बदलली होती. जंतूंचं याहून वाईट आहे. अळीला बदलायला पिढ्या लागतात. आतड्यातला एक जंतू मात्र औषध पचवण्याची जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल तुकड्यावरून शेजारच्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं एकत्र असू शकतात. म्हणूनच जी औषधं सासूबाईंनी कधी घेतलीच नाहीत, त्यांच्यापुढेही आर दिसतो.

हे तुमच्याच घरात घडतंय असं नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट दाद न देणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज आहे. ज्या मृत्यूंमध्ये अशा जंतूंचा काही ना काही हात होता, ते धरले तर आकडा ४९.५ लाखांवर जातो. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेत औषध घेतलं तर जंतू शिकून बसतील.

आता कागद. एस म्हणजे नेहमीच्या मात्रेत औषध लागू पडेल. आर म्हणजे पडणार नाही. काही कागदांवर आय असतं, तिथे मात्रा वाढवून किंवा औषध जिथे साठतं अशा जागी उपयोग होऊ शकतो, ते डॉक्टर ठरवतात. तुमच्या कागदावर सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन दोन्हींपुढे आर असेल, तर बहुतेक हा जंतू त्या गटाची औषधं फोडणारं विकर तयार करतो. कागदाच्या तळाशी कधी कधी ‘ईएसबीएल’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. अशा वेळी त्याच गटातली दुसऱ्या कंपनीची महागडी गोळी घेऊन काही साधत नाही. नाव बदलतं, औषध तेच.

पण एस म्हणजे हॉटेलातलं मेनूकार्ड नव्हे, की चारातलं कुठलंही मागवावं. मेरोपेनेम ही शिरेतून द्यायची, दवाखान्यात दाखल माणसासाठी राखून ठेवायची सुई आहे. रक्तात जंतू पसरलेल्या माणसाला वाचवायला ती लागते. ताप नसलेल्या जळजळीसाठी ती वापरली, तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा हातात काय उरणार? अमिकासिन मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतं. शुगर असलेल्या ६२ वर्षांच्या बाईला ते देताना डॉक्टरही दोनदा विचार करतात. तुमच्या कामाची ती पहिली दोन नावं. नायट्रोफुरँटॉइन हे जुनं, स्वस्त औषध आहे. ते लघवीच्या पिशवीत भरपूर जमा होतं, रक्तात मात्र फारसं साचत नाही. म्हणून पिशवीच्या संसर्गाला ते उत्तम, आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या, ताप असलेल्या संसर्गाला निरुपयोगी. साधारणपणे हळूहळू विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस अशी दिली जाते. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. डॉक्टरला तीन गोष्टी आपणहून सांगा: क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट (मूत्रपिंड थकलेलं असेल तर हे औषध चालत नाही), घरात कुणाला जी-६-पीडी या रक्तातल्या विकराची कमतरता किंवा सिकलसेल आहे का, आणि शुगरसाठी चालू असलेल्या गोळ्यांची नावं. फॉस्फोमायसिन म्हणजे ३ ग्रॅमची पुडी, पाण्यात विरघळवून बहुतेक वेळा एकदाच घ्यायची. दोन्हींत भारी काही नाही आणि दोन्ही तोंडाने घ्यायची आहेत. भारी सुई लागेल असं म्हणणाऱ्याने कागद नीट वाचलेला दिसत नाही.

शुगरच्या गोळ्यांची नावं मुद्दाम विचारली. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर लघवीतून साखर जाते आणि बाहेरच्या भागाला बुरशी धरते. खाज, लाली, दह्यासारखा पांढरा स्राव, वरून जळजळ. याला बायका ‘इन्फेक्शन’ म्हणतात आणि अँटिबायोटिक घेतात. बुरशीवर ते चालत नाही, उलट तिथले चांगले जंतू मारून बुरशीला मोकळं रान देतं. आधीच्या तीन वेळांपैकी एखादी वेळ अशी असू शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला खाज आहे की नाही तेवढं सांगा. लाजून ही गोष्ट राहून जाते.

वारंवार होणारा त्रास थांबवायचा तर बाकीचंही बघावं लागेल. पाळी गेलेल्या बाईच्या योनीमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते. त्यावर लावायची इस्ट्रोजेनची क्रीम वारंवारचे संसर्ग खरोखर कमी करते, आणि ही गोष्ट खेड्यात जवळपास कुणालाच सांगितली जात नाही. स्त्रीरोग तज्ज्ञाला विचारा. वावरात आडोसा नाही म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत लघवी रोखून धरणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं हे निंदणीला जाणाऱ्या प्रत्येक बाईचं दुखणं आहे. शुगर २५०-३०० च्या घरात असेल, तर आधी ती खाली आणा.

पुढच्या वेळी कल्चर द्यायचं झालं तर गोळीचा पहिला डोस पोटात जाण्याआधी द्या. एक-दोन डोस झाल्यावर दिलेल्या नमुन्यात कधी कधी जंतू उगवतच नाही. कागदावर ‘नो ग्रोथ’ येतं आणि जळजळ तशीच राहते. डबी लॅबमधूनच घ्या, ती निर्जंतुक असते. घरची औषधाची बाटली धुऊन चालत नाही. हात धुवा, जागा साध्या पाण्याने धुवा, साबण किंवा डेटॉल नको. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. नमुना तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. आर्वीहून वर्ध्याची बस आणि वर रिक्षा धरली, तर उन्हाळ्यात हा हिशेब बसत नाही. बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू भराभर वाढतात आणि रिपोर्ट चुकतो. त्यामुळे एक तर लॅबच्या जागीच नमुना द्या, नाहीतर बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. थंड राखलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी मिळतो. ‘मिक्स्ड ग्रोथ’ आलं तर बहुतेक वेळा नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळलेले असतात. तो कागद बाजूला ठेवून नमुना पुन्हा द्यावा.

आणि हे मात्र लक्षात ठेवा: औषध संपल्यावर जळजळ गेली असेल, तर ‘साफ झालं का बघू’ म्हणून पुन्हा कल्चर करू नका. त्या वयात, त्यातून शुगर असली की, कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला माणूस सोडला, तर अशा जंतूला औषध देऊ नये. उपचार माणसाचा करायचा असतो, कागदाचा नव्हे. या एका चुकीपायी किती अँटिबायोटिक्स फुकट जातात याला हिशेब नाही.

कोर्स पूर्ण करावा की बरं वाटल्यावर थांबावं, हा वाद तुमच्या कानावर आला असेल. टीबीच्या औषधात वाद नाही, तिथे एक दिवस चुकवायचा नाही. बाकी बऱ्याच संसर्गांत पूर्वी दहा दिवस दिलं जाणारं औषध आता पाच-सात दिवसांत पुरतं असं दिसून आलंय, कारण जितके जास्त दिवस औषध, तितके आतड्यातले जंतू जास्त शिकतात. म्हणून डॉक्टरला आधीच विचारून घ्या, नेमके किती दिवस? मग तेवढेच. ना दोन दिवसांत सोडायचं, ना उरलेलं लांबवत बसायचं. तुमच्या घरातली पद्धत, म्हणजे दोन दिवसांच्या चार गोळ्या आणि बरं वाटलं की बंद, ही सगळ्यात वाईट. पिशवीतला जंतू अर्धवट मरतो, आतड्यातला शिकून राहतो, आणि पुढच्या वेळी तोच वर चढतो. बायकांच्या लघवीतला ई. कोलाय बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो.

आता कोठ्याकडे (गोठ्याकडे) वळू.

दगडीला ट्यूब लागू पडत नाही याचं कारण दर वेळी जंतूची ताकद नसतं. आमच्या मते तुमच्या गाईत तीन शक्यता आहेत. पहिली, स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू कासेच्या पेशींच्या आत शिरतो, आजूबाजूला पू आणि घट्ट तंतूंची भिंत उभी राहते, औषध तिथवर पोचतच नाही. दोन दिवस गाठी जाणं आणि पुन्हा येणं, हे त्याचं वागणं. त्या भागात बोटांनी दाबून अक्रोडाएवढी टणक गाठ लागते का पाहा. लागत असेल तर ट्यूबांवर पैसे घालू नका. ते सड आटवून टाकणं आणि गाय सगळ्यात शेवटी पिळणं हाच व्यवहार. दुसरी शक्यता, ट्यूब सोडतानाच बाहेरून घाण किंवा बुरशी आत गेली. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जितक्या ट्यूबा तितकी ती वाढते. तिसरी, जंतू खरोखरच त्या औषधाला दाद देत नाही. यातली कोणती, हे दुधाच्या कल्चरशिवाय कळत नाही.

नमुना असा घ्या. सड धुऊन कोरडं करा, टोक ७० टक्के स्पिरिटच्या कापसाने घासा, कापूस पांढरा निघेपर्यंत. पहिल्या तीन धारा सोडा. निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात ५ ते १० मिली दूध घ्या. आडवी यासाठी की वरून शेणाचा कण, केस आत पडू नये. बर्फात ठेवा, २४ तासांच्या आत पोचवा. कुठे, ते तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला विचारा. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अशी सोय त्यांना ठाऊक असते. सुई लावल्यावर नमुना घेऊन उपयोग नाही, इथेही तोच नियम.

रोजच्या तपासणीला लॅब लागत नाही. कपडे धुण्याची साधी पावडर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम विरघळवा. चार सडांचं दूध चार वेगळ्या वाट्यांत थोडं थोडं घ्या, तेवढंच हे पाणी त्यात घाला आणि वाटी गोल फिरवा. दूध तसंच राहिलं तर सड ठीक. बुळबुळीत झालं, शेंबडासारखे धागे-गोळे बांधले, तर वरून चांगलं दिसणाऱ्या सडातही आजार आहे. पेशींतला गर बाहेर पडून पावडरीने घट्ट होतो, म्हणून हे दिसतं. व्यायल्यानंतरचे पहिले आठ दिवस आणि आटत आलेल्या गाईत ही चाचणी फसवते. एरवी महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. दूध फेकून द्या, वाट्या स्वयंपाकघरात नेऊ नका.

ट्यूब सोडायचीच असेल, तर पशुवैद्याने सांगितल्यावर, अशी. सड पूर्ण रिकामं पिळून घ्या, कारण गाठी आत राहिल्या तर औषध त्यांनाच चिकटून बसतं. आधी पलीकडच्या बाजूची सडं स्पिरिटने पुसा, मग अलीकडची. औषध सोडताना उलटं, आधी अलीकडची, मग पलीकडची, म्हणजे पुसलेल्या सडाला तुमची बाही लागत नाही. ट्यूबेचं टोक ३-४ मिलिमीटरच आत घाला. पूर्ण खुपसलं तर सडाच्या भोकातलं मेणासारखं नैसर्गिक बूच फाटतं आणि पुढच्या जंतूला दार उघडं राहतं. एका सडाला एक ट्यूब. अर्धी इकडे अर्धी तिकडे करणारा माणूस कोठ्यात येऊ देऊ नका.

रिपोर्ट येईपर्यंत सूज सौम्य असेल आणि गाय खातपीत असेल, तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो लेप लावून पाहता येतो: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, वाटून लालसर लगदा. (हळद वायगावची असली तर वर्धा जिल्ह्याचा मान राखला जाईल, औषधाला मात्र कोणतीही चालते.) मूठभर लगदा थोड्या पाण्यात पातळ करून, कास रिकामी करून, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावायचा. गाय बसून राहिली, ताप आला, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं झालं, कास थंड-निळी पडली, तर लेप बाजूला ठेवा आणि १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन लावा. त्या अवस्थेत तास मोलाचे असतात.

दुधाचं. सुई किंवा ट्यूब चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध माणसाच्या पोटात जायला नको. ही मुदत लेबलवर छापण्याचा नियम २०१२ मध्ये आला, आणि औषधाची मुदत तपासून ठरवलेली नसेल तिथे दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस धरायचे. एकाच सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, कारण औषध रक्तात उतरतं. उकळून बहुतेक अँटिबायोटिक जात नाही. तुमच्याकडे त्या दिवसांत दही नीट लागत नसेल, विरजण पाण्यासारखं राहत असेल, तर कारण हेच: औषध विरजणाचे जंतू मारतं. डेअरीला घातलं नाही हे चांगलंच केलं, पण घरातल्या लेकरांना तेच पाजणं कमी वाईट नाही. वासरालाही पाजू नका, त्याच्या आतड्यात दाद न देणारे जंतू वाढतात आणि शेणातून कोठाभर पसरतात. गोबरगॅसमध्ये ओतलं तर गॅस मंदावेल. विहीर-नाल्यापासून लांब खड्ड्यात ओता, वर माती टाका.

खरा पैसा आणि औषध वाचतं ते पिळण्याच्या वेळी. हात साबणाने धुतलेले, प्रत्येक गाईला वेगळं कोरडं फडकं, आधी निरोगी गाय, आजारी सगळ्यात शेवटी, गाठी जमिनीवर न उडवता भांड्यात. पिळून झाल्याबरोबर सडं औषधात बुडवा: ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन ४ भाग, ग्लिसरीन १ भाग, एका छोट्या कपात. आणि लगेच पुढ्यात कुटार किंवा ढेप टाका, म्हणजे गाय निदान अर्धा तास उभी राहील. पिळल्यानंतर सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. तेवढ्यात ती शेणात बसली की सगळं मुसळ केरात. कप रोज धुवा, उरलेलं औषध बाटलीत परत ओतू नका.

गाईचं आणि सासूबाईंचं गुंतलेलं आहे का? या एका कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण औषधांची कुटुंबं तीच आहेत. कोठ्यात सर्रास लावली जाणारी सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनची सुई माणसाच्याच औषधाची आहे, आणि गाईच्या अंगात गेलेल्या एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्येच बदलतो. तुमच्या हातावर, शेणात, अंगणात तेच जंतू फिरतात. कोलिस्टिन हे माणसासाठी राखीव औषध कोंबड्यांच्या खाद्यातून दिलं जात होतं, २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. घरच्या कोंबड्यांच्या पाण्यात टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकण्याची सवय असेल, तर तीही सोडा. गाईची उरलेली सुई माणसाला किंवा माणसाची गोळी बकरीला, हा विषयच नको.

मेडिकलबद्दल थोडं. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. त्यातली काही, जसं सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. दुकानदाराने विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवायची असते. गावातल्या दवाखान्यात कागदाच्या पुडीत सुट्ट्या पांढऱ्या-पिवळ्या गोळ्या मिळत असतील, तर प्रत्येकीचं नाव लिहून मागा. त्यात अँटिबायोटिक आहे की स्टिरॉइड हे कळल्याशिवाय पुढचा डॉक्टर आंधळेपणानेच उपचार करणार. घरी एक वही ठेवा: तारीख, औषध, मिलिग्रॅम, दिवस, फरक पडला की नाही. कोठ्याची वही वेगळी. ज्या डॉक्टरसमोर अशी वही उघडते, त्याचा निम्मा वेळ वाचतो.

तापाच्या बाबतीतही तेच. दुसऱ्या दिवशी विडाल चाचणी करून ‘टायफॉइड निघाला’ म्हणत सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनच्या सुया लावण्याची आपल्याकडे लाट असते. विडाल एकट्याने फारसं काही सिद्ध करत नाही. जुन्या तापाने किंवा लसीनेही ती वर दिसते. खरी तपासणी रक्ताचं कल्चर, औषधाआधी. सर्दी, बहुतेक खोकले, पाण्यासारखे जुलाब यांना अँटिबायोटिक लागत नाही, कफ पिवळा झाला तरीही. पण उलट टोकालाही जाऊ नका. पावसाळ्यानंतर गवतात काम करणाऱ्याला ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेवर सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. नागपूर विभागात २०१८ मध्ये त्याची साथ आली होती. त्यावर डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो, उशीर जिवावर बेततो. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तरी घरी थांबायचं नाही.

डब्यात साठलेल्या अर्ध्या पट्ट्यांचं काय? पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून ठेवू नका. चुलीत, संडासात किंवा उकिरड्यावर नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात जैववैद्यकीय कचऱ्यात घेतात का ते आशाताईंना विचारा.

राहिली ता.क.ची पुडी. होय, ती अँटिबायोटिकच, ९० भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १० भाग टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध होतं. कीटकनाशकांच्या केंद्रीय नोंदणी समितीने शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस २०२० मध्ये केली होती. कपाशीत ही पुडी लागू पडते ती फक्त जिवाणूजन्य करप्यावर, म्हणजे पानावर शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे, पाण्याने भिजल्यासारखे ठिपके येतात तेव्हा. पान नुसतं लाल पडत असेल तर तो लाल्या. तिथे मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलेलं असतं, नाहीतर तुडतुडे असतात, आणि पुडी फवारून पैसेच जातात. पान तोडून कृषी सहायकाला दाखवा आणि मगच पंप भरा. संत्र्याच्या डिंक्यावरही ती मारू नका, डिंक्या फायटोप्थोरा बुरशीमुळे होतो.